दहावीतल्या मुलीला लेखन, वार्तांकन आणि चित्रकलेसाठी बडोद्यात कोणत्या वाटा आहेत?

कारेलीबागची आई

नमस्कार. आम्ही बडोद्यात कारेलीबागेत राहतो. माझी मुलगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दहावीला असून येत्या फेब्रुवारीत तिला १५ वर्षे पूर्ण होतील. शाळेत इंग्रजी, सोसायटीत गुजराती आणि घरात मराठी अशा तिन्ही भाषांत ती वावरते. परंतु मनातले लिहायचे झाले की ती मराठीतच लिहिते, कारण तिला अक्षरओळख आजीने मराठीतून करून दिली. लिहिता लिहिता वहीच्या समासात चित्रे काढण्याचीही तिला सवय आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या इमारतीचा तळमजला पाण्यात होता. त्या दिवसांवर तिने आठ पाने लिहिली, आणि जिन्यावर पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढले आहे हे रोज सकाळ-संध्याकाळ चित्र काढून नोंदवून ठेवले.

गेल्या वर्षी ‘राष्ट्रीय’ म्हणवणाऱ्या एका निबंध स्पर्धेसाठी आम्ही ६०० रुपये प्रवेशशुल्क भरून तिचा लेख पाठवला. आठ दिवसांत ईमेलने प्रमाणपत्र आले. त्यावर तिचे आडनाव चुकीचे छापलेले होते, आणि तिच्या वर्गातून भाग घेतलेल्या सगळ्याच मुलांना ‘उत्कृष्ट’ हा एकच शेरा मिळाल्याचे नंतर कळले. लेख कोणी वाचला की नाही, हे तिला आजतागायत समजलेले नाही. त्यानंतर सहा महिने तिने वही उघडली नाही, याचे मला फार वाईट वाटते.

जाणकारांना माझी विनंती आहे की, या वयाच्या मुलांचे लेखन आणि चित्रे खरोखर कोणी पाहते अशा जागा कोणत्या, त्यात मराठीला स्थान आहे का, आणि पुढे फाइन आर्ट्स किंवा पत्रकारितेकडे जायचे असल्यास अकरावीला कोणती शाखा घ्यावी, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.

रावपुऱ्यातील निवृत्त मराठी शिक्षक

ताई, आपल्या मुलीने पायऱ्या मोजून ठेवल्या हे वाचून मला मनापासून आनंद झाला. बत्तीस वर्षे निबंध तपासले, त्यांत स्वतः पाहिलेले लिहिणारी मुले फार थोडी भेटली.

सर्वप्रथम पत्रलेखनाचा विचार करावा, कारण तेथे शुल्क नाही आणि मराठी चालते. जागतिक टपाल संघटना १९७१ पासून मुलांसाठी आंतरराष्ट्रीय पत्रलेखन स्पर्धा घेते. वयोमर्यादा ९ ते १५ वर्षे आहे, आणि आपल्या देशात ती टपाल खात्यामार्फत होत असल्याने इंग्रजीखेरीज राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पत्र लिहिता येते. मुलीचे वय पाहता तिने ही संधी याच वर्षी घ्यावी; रावपुऱ्याच्या मुख्य टपाल कचेरीत चौकशी केल्यास तारखा कळतील. टपाल खात्याचीच ‘ढाई आखर’ ही दुसरी स्पर्धा असून तिच्यात १८ वर्षांखालील मुलांचा स्वतंत्र गट असतो. आंतर्देशीय पत्रावर ५०० शब्दांपर्यंत किंवा लिफाफ्यातून साध्या कागदावर १००० शब्दांपर्यंत, दिलेल्या विषयावर, स्वहस्ते लिहिलेले पत्र पाठवायचे असते. राज्यपातळीवरचे पहिले बक्षीस २५,००० रुपयांचे आणि राष्ट्रीय पातळीवरचे ५०,००० रुपयांचे आहे. पत्रावर ‘माझे वय १८ वर्षांपेक्षा कमी आहे’ असे प्रमाणित करणारे वाक्य लिहावे लागते, आणि नेमके तेवढेच मुले विसरतात. माझ्या एका विद्यार्थ्याचे अतिशय सुंदर पत्र त्यामुळेच बाद झाले होते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

इंग्रजीत लिहायची तयारी असेल तर राष्ट्रकुल देशांतील मुलांसाठी १८८३ पासून चालत आलेली क्वीन्स कॉमनवेल्थ निबंध स्पर्धा आहे. तीही विनाशुल्क असून १४ ते १८ वर्षांच्या मुलांचा गट वेगळा आहे. मराठीत छापून यावे अशी इच्छा असेल तर बालभारतीचे ‘किशोर’ मासिक आहे; ते नोव्हेंबर १९७१ पासून निघते आणि त्यात मुलांच्या लेखनाला व चित्रांना जागा असते. महाराष्ट्राबाहेरच्या मुलाने तेथे का पाठवू नये? आपली मराठी थोडी गुजराती वळणाची आहे म्हणून संकोच वाटू देऊ नये. याच बडोद्यात १९०९ पासून चार वेळा अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले, शेवटचे २०१८ मध्ये, आणि आपल्या बोलीने कोणाचे काही अडले नाही.

एक मात्र आवर्जून करावे. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत मुलीला घेऊन जावे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये सुरू केलेल्या या ग्रंथालयाची पोलादी मांडणी आणि जाड काचेची जमीन तिला दाखवावी, आणि नंतर मराठी विभागात तिला एकटीला तासभर सोडून द्यावे.

पुष्पबागेची माजी विद्यार्थिनी

ताई, मी महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुष्पबागेतील फाइन आर्ट्समधून चित्रकलेची पदवी घेतली आहे, त्यामुळे केवळ चित्रांविषयी लिहिते.

प्रवेशासाठी बारावी उत्तीर्ण असणे पुरेसे आहे. शाखा कोणतीही चालते. मी स्वतः वाणिज्य शाखेची होते. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असून प्रवेश ॲप्टिट्यूड टेस्टवर अवलंबून असतो, आणि त्या परीक्षेत सफाईदार रंगकामापेक्षा समोरची वस्तू नीट पाहून रेखाटण्याला अधिक महत्त्व असते. अनेक मुले क्लासला जाऊन एकच निसर्गचित्र घोटून घोटून पाठ करतात. त्यांच्या झाडाची प्रत्येक फांदी सारखी वळते, आणि समोर खरी खुर्ची ठेवली की तिचे पाय कोठे टेकवावेत हे त्यांना उमगत नाही. म्हणून आजपासून एक स्केचबुक सतत जवळ ठेवावे. आम्ही पहाटे कमाटीबागेत आणि रात्री रेल्वे स्टेशनवर बसून रेखाटने करत असू. झोपलेला हमाल हलत नाही आणि चहावाला क्षणभर थांबत नाही, आणि हात तयार होण्यासाठी या दोन्ही गोष्टी लागतात. जिन्याच्या पायऱ्यांची जी चित्रे तिच्याजवळ आहेत ती नव्या कोऱ्या कागदावर पुन्हा काढू नयेत. पाण्याचे डाग पडले असतील तर तशीच राहू द्यावीत.

शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस विद्यार्थ्यांच्या कामाचे प्रदर्शन भरते, ते तिने अवश्य पाहावे आणि मुलांशी बोलावे. इंदूरच्या कलाशाळेत शिकलेले ना. श्री. बेंद्रे १९५० मध्ये बडोद्याला आले आणि त्यांनी येथील चित्रकला विभाग उभा केला. त्यांच्यासारखा मराठी माणूस या संस्थेच्या पायाशी आहे, हे आपल्या मुलांना कोणी सांगतच नाही. कीर्तिमंदिर या गायकवाड राजघराण्याच्या स्मारकातील नंदलाल बोस यांची १९३९ ते १९४६ या काळातील भित्तिचित्रेही पाहण्याजोगी आहेत.

शाळेकडून मिळण्यासारख्या संधी दोन आहेत. नववी ते बारावीच्या मुलांसाठी २०१५ पासून होणारा कला उत्सव शाळेपासून जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय पातळीपर्यंत जातो. गुजरात सरकारच्या कला महाकुंभात १५ ते २० हा वयोगट आहे. दोन्हींसाठी मुख्याध्यापकांना आधीच भेटावे लागते, कारण परिपत्रक शाळेत येते आणि पुष्कळदा तेथेच राहते.

वासणा रोडचे पालक

माझे मत थोडे वेगळे आहे. दहावीच्या वर्षात मुलीवर इतक्या स्पर्धांचा भार टाकू नये. माझ्या मुलाला आम्ही एका वर्षात सात ठिकाणी उतरवले आणि परीक्षेच्या सुमारास तो आजारी पडला. बोर्डाची परीक्षा होईपर्यंत एक पत्र आणि एक स्केचबुक एवढेच ठेवावे, बाकीचे एप्रिलनंतर पाहता येईल. शाखेची घाई करू नये. सीबीएसईमध्ये अकरावी-बारावीला मास मीडिया स्टडीज हा विषय घेता येतो, परंतु आपली शाळा तो शिकवते की नाही हे आधी विचारून घ्यावे.

गुजराती दैनिकातील उपसंपादक

वासणा रोडच्या काकांशी मी सहमत आहे. वार्तांकनाविषयी मात्र कोणी लिहिलेले नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मी घरी मराठी बोलतो आणि गेली अठरा वर्षे गुजरातीत बातम्या लिहितो.

वृत्तपत्रात शाळकरी मुलांना काम मिळत नाही, आणि त्यांनी ते मागूही नये. परंतु बातमी लिहिण्याची सवय घरापासून शंभर पावलांवर लावता येते. खंडेराव मार्केटमध्ये एकाच भाजीवाल्याकडे लागोपाठ चार शनिवारी जावे, भाव विचारून लिहून ठेवावेत आणि पाचव्या शनिवारी त्याला विचारावे की हा भाव का बदलला. त्याच्या उत्तरातून पाऊस, टेम्पोचे भाडे, जवळच्या पादरा गावाहून येणारा माल असे सगळे बाहेर येते. मुलांच्या लेखनात ‘महागाईने सर्वसामान्यांचे कंबरडे मोडले’ हे वाक्य हमखास असते. भावाचा आकडा आणि भाजीवाल्याचे म्हणणे नसते.

ज्यांना असे लेखन गंभीरपणे करायचे आहे त्यांनी पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेले ‘पारी’ हे ग्रामीण भारताचे संकेतस्थळ नियमित वाचावे. तेथील लेख मराठीतही मिळतात. त्यांच्या शिक्षण विभागात विद्यार्थ्यांनी स्वतः गावात जाऊन केलेले काम प्रसिद्ध होते आणि संपादक त्यावर मुलांबरोबर मेहनत घेतात. ताई, आपल्याला जी खंत वाटते आहे तिच्यावर माझ्या मते हेच उत्तर आहे. लेख परत आला, त्यावर खुणा झाल्या, ‘हे तुला कोणी सांगितले?’ असे समासात कोणी विचारले, तर मूल पुढचा लेख लिहिते. मला माझ्या पहिल्या वरिष्ठांनी चाळीस ओळींची बातमी नऊ ओळींची करून दिली होती. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. कोठेही लेख पाठवताना आधी एवढेच विचारावे की तो कोण वाचणार आणि वाचून काय कळवणार. याचे उत्तर नसेल आणि शुल्काचा आकडा मात्र ठळक छापलेला असेल, तर तेथे पाठवू नये.

मुलीची हरकत नसेल तर पुरावरच्या लेखातील काही वाक्ये येथे लिहावीत. मी वाचून सांगेन.

कारेलीबागची आई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काका, आपला सल्ला पटला. परीक्षेपर्यंत टपाल खात्याचे एक पत्र आणि स्केचबुक एवढेच ठरवले आहे. मुलीला विचारून दोन उतारे देत आहे. लेखाची सुरुवात अशी आहे: ‘पुराच्या पाण्याने सर्वत्र हाहाकार माजवला होता. निसर्गापुढे मानव किती हतबल आहे, हे त्या दिवशी कळले.’ आणि पाचव्या पानावर हे आहे: ‘खालच्या काकूंनी बँकेचे पासबुक आणि त्यांच्या मुलाच्या वह्या कपड्यांच्या दोरीला चिमटे लावून टांगल्या. वह्यांतली शाई सगळी निळी होऊन पसरली होती. पासबुकातले छापलेले आकडे मात्र दिसत होते.’

गुजराती दैनिकातील उपसंपादक

ताई, लेख पाचव्या पानापासून सुरू करावा. पहिली दोन वाक्ये काढून टाकावीत. ती तिची नाहीत, ती आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेली आहेत. दोरीला टांगलेले पासबुक मात्र फक्त तिनेच पाहिले आहे. त्यानंतर लगेच पायऱ्यांची नोंद यावी, म्हणजे कोणत्या दिवशी किती वाजता पाणी कोठपर्यंत होते ते, आणि शेजारी तिचे चित्र.

आता तिने काकूंकडे जाऊन दोन गोष्टी विचाराव्यात. मुलाच्या वह्या पुन्हा कोणी उतरवून दिल्या आणि त्याला किती दिवस लागले? पासबुक घेऊन त्या बँकेत गेल्या तेव्हा तेथे काय झाले? उत्तरे काकूंच्याच शब्दांत लिहावीत. त्या गुजरातीत बोलल्या तर एखादे वाक्य गुजरातीतच ठेवून देवनागरीत लिहावे. लेख छापायचा ठरला तर काकूंना आधी वाचून दाखवावा आणि त्यांची परवानगी घ्यावी. आठ पानांची तीन झाली तरी चालतील. तेवढे झाले की येथे कळवावे. रात्री अकरानंतर, आमची पाने छपाईला सुटली की, मी वाचतो.