मॅशअप (एका गाण्यावर दुसरं चढवून केलेलं मिक्स) आता सॉफ्टवेअरच बांधून देतं. डीजे लोकांचं यात भलं आहे की नुकसान?

धायरीकर_डीजे

नमस्कार मंडळी. मी पुण्यातल्या धायरीचा. हळद, साखरपुडा, वाढदिवस आणि गणपतीत एका मंडळाचं काम करतो. लॅपटॉप, दोन डेकचा कंट्रोलर (गाणी मिसळायचं यंत्र), साउंड भाड्याने आणतो.

पूर्वी हळदीच्या गाण्याखाली हलगी बसवून त्यावर दुसऱ्या गाण्याचा मुखडा आणायचा म्हटलं तर रात्र जायची. नुसता आवाज असलेला ट्रॅक शोधायचा, नाही मिळाला तर इक्वलायझरने बेस कापून वेळ मारून न्यायची. आता एक बटण दाबलं की गायक एकीकडे, ठेका एकीकडे. कुठल्या गाण्यावर कुठलं बसेल तेही सॉफ्टवेअरच सुचवतं.

या सीझनला मांजरी गावातल्या एका हळदीत मुलाचे काका म्हणाले, "आमचा पुतण्या हे सगळं मोबाइलवर करतो, तुम्ही फक्त साउंड लावा." माझे निम्मे पैसे कमी केले. पुतण्याने वाजवलं आणि लोक नाचलेसुद्धा. तेव्हापासून डोक्यात घोळतंय, मी जे शिकलो त्याला पुढे किंमत राहणार आहे का? की नव्या पोरांसाठी हे चांगलंच झालं? मनापासून विचारतोय.

कर्वेनगर_लूप्स

दादा, मी त्या पुतण्याच्याच वयाचा आहे, म्हणून माझी बाजू सांगतो. डीझर या म्युझिक स्ट्रीमिंग कंपनीने २०१९ मध्ये स्प्लीटर हे गाण्यातले आवाज वेगळे करणारं सॉफ्टवेअर फुकट खुलं केलं नसतं तर मी या नादाला लागलोच नसतो. कंट्रोलर घ्यायला पैसे नव्हते, कुणी शिकवणारं नव्हतं. हॉस्टेलच्या खोलीत एक गाणं फोडलं आणि पहिल्यांदा कळलं की बेस गिटार एवढं काहीतरी वाजवत होती, ते आजवर ऐकूच आलं नव्हतं. माझे कान या सॉफ्टवेअरनेच तयार केले. त्यामुळे नुकसान म्हणायला माझी जीभ वळत नाही.

डीपीरोड_डेक्स

धायरीकर, पैसे कापले की लागतंच. पण पुतण्याने नेमकं काय वाजवलं ते आठवा. माझा अंदाज, गेल्या दोन-चार वर्षांतली हिट गाणी. ती सगळी स्टुडिओत क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या एकसारख्या ठोक्यावर, बांधलेली असतात, पहिल्यापासून शेवटपर्यंत ठोका जागचा हलत नाही. तिथे सॉफ्टवेअर चुकत नाही, पोरगंही चुकणार नाही.

आता एखादं जुनं कोळीगीत घ्या, नाहीतर संबळावरचं गोंधळाचं गाणं. वादकांनी एकत्र बसून वाजवलेलं. अंतऱ्यात लय चढते, मुखड्यावर येताना परत बसते. सॉफ्टवेअर सगळ्याची सरासरी काढून एकच बीपीएम (मिनिटाला किती ठोके) लिहितं आणि सरळ ग्रिड (ठोक्यांच्या समान अंतरावरच्या रेघा) आखून मोकळं होतं. पहिला मुखडा मस्त जुळतो. अंतरा येईपर्यंत खालची हलगी आणि वरची ढोलकी पुढेमागे पळायला लागतात. पब्लिकला कारण कळत नाही, पण पाय अडखळतात, पोरं बाजूला होऊन पाणी प्यायला जातात. त्यात ठेका सहा मात्रांचा आणि ग्रिड चारच्या हिशोबाची, त्यामुळे 'एक', म्हणजे सम, भलतीकडेच पडतो.

गाणं फोडण्याचंही तेच. आवाज, ड्रम्स, बेस आणि उरलेलं, असे चार भाग. ही यंत्रं ज्या संचांवर शिकतात त्यांतला प्रसिद्ध म्हणजे म्यूसडीबी१८. त्यात १५० गाणी, बहुतेक सगळी पाश्चात्त्य पॉप-रॉक. संबळ त्यांना कुठून कळणार? मी करून बघते तेव्हा संबळाची घुमारी बेसमध्ये जाते, काडीचा कडक ठोका ड्रम्समध्ये, आणि तुणतुणं गायकाच्या आवाजाला चिकटून येतं. एकाच वाद्याचे असे तुकडे झाले की ड्रम्स बंद करूनही संबळ अर्धा वाजतच राहतो.

म्हणजे तुम्ही जे शिकलात त्याला किंमत आहे, पण ती आपल्या गाण्यांत आहे. सगळ्यांच्या फोनमध्ये आहेत त्या गाण्यांत नाही.

खरा फटका कुणाला बसला? एडिट विकणाऱ्यांना. मंडळांसाठी, दुसऱ्या डीजेंसाठी मिक्स बांधायचे, मध्ये स्वतःच्या नावाचा टॅग टाकायचा, सीझनआधी विकायचे. माझीही त्यात बरी कमाई होती. व्हर्च्युअल डीजे या डीजे सॉफ्टवेअरच्या २०२१ आवृत्तीत चालू गाण्यातून आवाज वेगळा काढता यायला लागला, २०२२ अखेरीस सेराटो या दुसऱ्या डीजे सॉफ्टवेअरमध्येही आलं, आणि ती कमाई जवळजवळ संपली. "शिकत राहा म्हणजे टिकाल" म्हणून ते नुकसान भरून निघत नाही. माझ्या ओळखीत दोघांनी धंदा सोडला, आणि ते चांगले कलाकार होते.

दुसरं, सगळ्यांचं वाजवणं सारखं व्हायला लागलंय. डीपी रोडला शेजारशेजारच्या दोन लॉन्सवर एकाच संध्याकाळी तीच दोन गाणी, तशीच एकमेकांवर चढवलेली, ड्रॉपसुद्धा (ठेका जोरात परत येतो तो क्षण) त्याच जागी ऐकलाय मी. बीपीएम आणि पट्टी बघून सुचवणार तर सगळ्यांना तेच सुचवणार ना.

तरीही मी हे सॉफ्टवेअर सोडणार नाही, आणि त्याचं कारण हलगीवाले आहेत. हळदीत ते आले की पूर्वी माझं गाणं बंद करावं लागायचं, नाहीतर दोन ठेके भांडायचे. आता मी गाण्यातले ड्रम्स आणि बेस खाली घेते, नुसता आवाज ठेवते, आणि ते त्यावर वाजवतात. लय सरकली तर ते गायकाला सांभाळून घेतात, कारण ते ऐकून वाजवतात. मागच्या महिन्यात एका आजीबाईंनी त्यावर जात्यावरची ओवी धरली, मी फेडर खाली घेतला, हलगी हळू झाली आणि सगळं लॉन गप्प झालं. दहाला साउंड बंद करायचाच असतो, नियमच आहे, त्यामुळे हळदीला हातात जेमतेम अडीच-तीन तास मिळतात. त्यातली ती दहा मिनिटं मला कुठल्याही तयार मिक्सपेक्षा मोलाची वाटतात.

पेटीवाला_सदाशिव

ताईंनी लयीचं सांगितलं, मी सुराचं सांगतो. सॉफ्टवेअरला २४ पट्ट्या ठाऊक आहेत: १२ स्वर, प्रत्येकाचा मेजर आणि मायनर. प्रत्येक पट्टीला ते एक आकडा आणि एक अक्षर देतं, ए म्हणजे मायनर, बी म्हणजे मेजर. ८ए म्हणजे ए मायनर, आपली पांढरी सहा. त्याला ७ए, ९ए आणि ८बी चालतात, असं गणित.

आता भैरवीतलं एखादं भजन घ्या. रे कोमल. सॉफ्टवेअर त्याला मायनर म्हणतं. त्याच सा वरचं दुसरं मायनर गाणं खाली लावलं तर त्यात रे शुद्ध. गायिका रे वर आली की दोन्ही रे एकमेकांवर आदळतात. पडद्यावर आकडे हिरवे दिसतात आणि ऐकणाऱ्याचं तोंड वाकडं होतं. कधी तर ते सा सुद्धा चुकीचा धरतं, मध्यमालाच सा समजतं, कारण भैरवीचे सगळे स्वर त्या मायनरमध्ये तंतोतंत बसतात. म्हणून सुचवलेल्या जोडीत गायकाचा सा आधी पेटीवर नाहीतर कीबोर्डवर शोधा, मग रे आणि ग वाजवून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते कानानेच करावं लागतं.

धायरीकर_डीजे

ताई, काका, खूप आभार. पुतण्याने वाजवलेली सगळी गाणी खरंच नवी होती, आता लक्षात येतंय. माझ्याकडे जुन्या कोळीगीतांचा आणि गोंधळाचा चांगला साठा आहे, वडिलांनी कॅसेटवरून उतरवून ठेवलेला. ताई, सरकणाऱ्या लयीचं गाणं तुम्ही ग्रिडवर कसं बसवता?

डीपीरोड_डेक्स

आधी ऑटो ग्रिड पुसून टाका. सहाच्या ठेक्यात दोन वजनं असतात, तीन-तीन मात्रांची. त्या वजनांवर टॅप करा, प्रत्येक मात्रेवर नको, नाहीतर बीपीएम तिप्पट दाखवेल. मग मुखड्याच्या समेवर पहिला मार्कर हाताने लावा. दर चार आवर्तनांनी ऐकून नवा मार्कर, आणि अंतरा जिथे चढतो तिथे दर आवर्तनाला. सेराटोच्या ग्रिड एडिटमध्ये असे कितीही मार्कर लावता येतात, एबलटन या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये वार्प मार्करने तेच काम होतं. सगळं गाणं ताणून एका लयीत आणू नका, त्याची मजा जाते. खाली लूप (तोच तोच फिरणारा तुकडा) ठेवायचाच असेल तर फक्त मुखड्यापुरता, अंतरा मोकळा सोडा.

कॅसेटवरून उतरवलेलं असेल तर स्वर थोडा वरखाली असणार, पट्टी आधी पेटीवाल्या काकांच्या पद्धतीने तपासा.

आणि कोटेशनमध्ये साउंडचं भाडं आणि वाजवण्याचे पैसे वेगळे लिहा. पुढच्या वेळी कुणाचा पुतण्या आला तर साउंडच्या भाड्याला हात लागणार नाही.