बाडी ४ फूट लांबवायची हाये, १२ मीटरच्या आत बसते, तरी चालान फाटन का?

कुटारवाला_२९
नमस्कार मंडळी. माह्याकडे सेकंडहँड १० चाकी ट्रक हाये, सध्या सोयाबीनचं कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा) भरतो, वणी-पांढरकवडा पट्ट्यातून नागपूरकडच्या गोठ्यांवर. आता कुटार म्हणजे तुमाले माहीतच हाये, गाडी शिगोशिग भरली तरी काट्यावर वजन येतच नाही अन डिझेल तेवढंच जळते. म्हणून बाडी मागून ४ फूट वाढवाचा इचार हाये. वेल्डिंगवाला म्हणते लांबी १२ मीटरच्या आत हाये ना, मग बिनधास्त राहा. माही गाडी आता ९.६ मीटर, वाढवूनही ११ च्या आतच. पण धाब्यावर एक जण म्हणे का व्हीलबेस, म्हणजे पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर, पाहा लागते. आरसीवर ५६०० मिलिमीटर लिहून हाये, त्याचा बाडीशी काय संबंध?

डिझेलकाका_चंद्रपूर
वेल्डिंगवाल्याले अर्धच माहीत हाये बाप्पा. १२ मीटर ही अख्ख्या गाडीची लिमिट झाली, पण मागचं लटकन, म्हणजे ओव्हरहँग, व्हीलबेसच्या ६० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. तुह्या ५.६ चे ६० टक्के ३.३६ मीटर. आता टेप घे, १० चाकीले मागचे दोन एक्सल असतात तर त्या दोघाच्या जवळपास मधातून बाडीच्या शेवटच्या टोकापर्यंत मोज, ओळंबा सोडून मोज, नुसतं डोळ्यानं नको. समज २.६ भरलं, त्यात ४ फूट म्हणजे १.२२ टाकले तर ३.८२ होते. लांबीत पास, लटकनात नापास. अन वेल्डिंगवाला चेसिस मधातून कापून व्हीलबेसच वाढवतो म्हणन तर पळून ये तिथून, आरसीवरचं माप बदललं का कलम ५२ लागते, दंड प्रत्येक बदलाले ५००० किंवा ६ महिने आत.

नुसता_बोलघेवडा
काका आमच्या गावात टेप घेऊन कोण उभं रायते 😄

डिझेलकाका_चंद्रपूर
टेप नको ठेवू, पानटपरी ठेव. माह्या जुन्या गाडीची बाडी कोणीतरी आधीच लांबवून ठेवली होती, मले माहीतच नव्हतं, वरोऱ्याच्या एका वळणावर मी डावीकडे वळलो तर मागचं उजवं टोक तिकडं हाताभर बाहेर फिरलं अन टपरीचा पत्रा गुंडाळून आलं. टपरीवाला आत चुना लावत बसला होता, त्याले काही झालं नाही, पण पत्रा मी भरून दिला. चाकाच्या मागं जितकं लांब तितकं ते बाहेर झाडते.

भाचा_सातासमुद्रापार
मी हिंगणघाटचा, आता कॅलिफोर्नियात ट्रेलर चालवतो. इकडे हाच खेळ ट्रेलरवर आहे. ५३ फुटी डबा असतो पण पोलीस अख्खी लांबी मोजत बसत नाहीत, ते किंगपिनपासून (ट्रेलर पुढच्या इंजिनाच्या गाडीला, म्हणजे घोड्याला, जोडणारी खुंटी) ट्रेलरच्या मागच्या एक्सलपर्यंत मोजतात, दोन एक्सल असले तर ४० फुटांच्या वर चालत नाही. ट्रेलरचे मागचे एक्सल पिन काढून मागेपुढे सरकवता येतात. माल मागे जास्त भरला आणि तिथला काटा ३४,००० पाउंडवर गेला (सुमारे १५.४ टन, आपल्याकडे दोन एक्सलला २१ टन चालतात) की ड्रायव्हरला एक्सल मागे ढकलावेसे वाटतात, वजन पुढे घोड्याच्या चाकांवर जातं ना. पण मागे गेलं की ४० फूट ओलांडतं. मग काय, परत गोदामात जाऊन पॅलेट हलवा. शेजारच्या राज्यात नियम वेगळा, सीमेआधी थांबून पिनची जागा बदलणारे कित्येक दिसतात.

डिझेलकाका_चंद्रपूर
म्हणजे तिकडंही चाकाची जागाच पायते. कुटारवाल्या, अजून एक, जाळीतून कुटार मागं किंवा बाजूले बाहेर काढून भरशील तर २०,००० चं चालान, वरून माल उतरवून घ्याचा खर्च तुह्याच माथी.

कुटारवाला_२९
आज पोरगा अन मी मोजलं काका, मागं २.७ निघालं. म्हणजे जेमतेम दोन फूट उरते, त्यालेही आरटीओच्या खेटा माराव लागतीन. बाडीचं सोडतो. गावातल्या एकाकडे गाठी बांधाचं मशीन हाये, एका ट्रिपचं कुटार दाबून पाहतो काट्यावर किती येते ते.