मदत हवी आहे: बुद्धिबळ खेळताना मोहऱ्यांचा विचार नक्की कसा करता?

मी काळ्याने नेहमी फ्रेंच डिफेन्स (काळ्याची एक ठरलेली सुरुवात) खेळतो, त्यात ई६ आणि डी५ ची प्यादी टाकली की सी८ वरचा पांढऱ्या घरांचा उंट कोंडला जातो हे माहितीये, पण गेम सुरू झाला की मी त्याला साफ विसरतो आणि पंचविसाव्या चालीला बघतो तर साहेब अजून तिथेच, शेजारी ए८ चा हत्ती पण जागचा हललेला नाही. म्हणजे ३ आणि ५ पॉइंटचे दोन मोहरे नुसते प्रेक्षक!! माझं सगळं लक्ष वजीर आणि घोड्यावर असतं, घोडा तर जरा जास्तच लाडका आहे, सोडवतच नाही.

तर तुम्ही लोक प्रत्येक चालीआधी एकेका मोहऱ्यावर नजर फिरवता का, की फक्त "सगळ्यात बेकार बसलेला कोण" एवढंच बघता? आणि १० मिनिटांच्या गेममध्ये हे जमतं कसं? बी६ करून उंट ए६ वर आणून मारामारी करायची हे ट्राय केलंय, पण त्यात वेळ जातो आणि तोवर समोरचा राजाच्या बाजूला चढून येतो. प्लीज स्वतः काय करता ते सांगा, इंजिन (चाली सुचवणारा प्रोग्राम) काय म्हणतं ते नको, ते मी पण बघतो.