अनुभव धागा: जाड मांजराचं वजन उतरवताना आहार कसा निवडायचा?

धागा कशासाठी

मांजर जाड झालंय हे बहुतेकदा डॉक्टरांच्या टेबलावर कळतं आणि घरी आल्या आल्या पहिला उपाय सुचतो तो वाटी अर्धी करण्याचा. तो उपाय मांजराच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून हा धागा काढला. ज्यांचा या विषयात हात बसलाय त्यांनी कृपया लिहा: कोणता आहार, किती ग्रॅम, कुठे चुकतं आणि का. आपापल्या मांजरांच्या कौतुकासाठी दुसरा धागा काढू. आहार बदलण्याआधी रक्त-लघवीची तपासणी मात्र करून घ्या. साखर, मूत्रपिंड किंवा थायरॉईडचा त्रास निघाला तर आहाराचं गणितच बदलतं.

काळीमनी

सगळ्यात आधी हे: जाड मांजराला उपाशी ठेवायचं नाही. एक दिवससुद्धा नाही.

जाड मांजराने दोन-तीन दिवस खाणं सोडलं की अंगातली चरबी भराभर यकृताकडे यायला लागते. मांजराच्या यकृताला ती पेलत नाही, पेशींमध्ये नुसती साठत जाते. यालाच फॅटी लिव्हर म्हणतात. मांजर मलूल होतं, लाळ गळते, उलट्या होतात. कानाच्या आतली कातडी आणि हिरड्या पिवळट दिसू लागतात. पिवळेपणा दिसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. मग आठवडेच्या आठवडे नळीने भरवावं लागतं आणि उशीर झाला तर मांजर हाती लागत नाही.

म्हणून "भूक लागली की खाईल आपोआप" हा हट्ट मांजराशी धरू नका. २४ तास तोंडात काही गेलं नाही तर जुना खाऊ परत द्या आणि डॉक्टरांना फोन करा.

वेग ठरवून घ्या. आठवड्याला वजनाच्या ०.५ ते १ टक्का उतरलं की उत्तम. २ टक्क्यांच्या वर गेलं तर खाणं वाढवायचं.

काटेकोर

किती द्यायचं याचा हिशेब मांडतो. तो आजच्या वजनावर करायचा नाही, जे वजन असायला हवं त्यावर करायचा.

अंगकाठी मोजायची ९ अंकांची पट्टी असते, त्यात ५ म्हणजे योग्य. ५ च्या वरचा प्रत्येक अंक साधारण १० टक्के जादा वजन दाखवतो. समजा बोका ५.८ किलोचा आहे आणि डॉक्टरांनी ८ अंक दिला, म्हणजे ३० टक्के जादा. ५.८ भागिले १.३ केलं की साधारण ४.५ किलो येतं. हे लक्ष्य.

विश्रांतीत लागणारी ऊर्जा काढायला वजनाचा ०.७५ घात घेऊन ७० ने गुणायचं. फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर वजन तीनदा गुणून त्याचं वर्गमूळ दोनदा काढलं की तोच घात मिळतो. ४.५ किलोला येतात २१६ कॅलरी. वजन उतरवण्यासाठी त्याच्या ८० टक्के, म्हणजे रोज सुमारे १७३. लक्ष्य ४ किलोचं असेल तर १५८, ५ किलोचं असेल तर १८७. सुरुवात इथून करायची, पुढे काटा सांगेल तसं बदलायचं.

तेवढ्या १७३ मधूनच खाऊ, बक्षीस, औषध लपवायचा गोळा, सगळं जायला हवं. बक्षिसांना जास्तीत जास्त १० टक्के, म्हणजे १७ कॅलरी. शिजवलेल्या कोंबडीच्या छातीचे १० ग्रॅम म्हणजे १६ कॅलरी, संपला कोटा. पन्नास मिली दूध म्हणजे ३० च्या वर, दिवसाच्या खाण्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा. शिवाय बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही.

नसबंदी झालेल्या मांजराची ऊर्जेची गरज बरीच कमी होते आणि भूक मात्र वाढते. वजन चढायला लागतं ते इथूनच. तेव्हा ऑपरेशननंतर लगेच वाटी मोजायला घ्या.

लेबलवाचक

आता कोणता आहार. पाकिटावर "लाईट" लिहिलंय म्हणून घेऊ नका. अशा काही खाऊंत चरबी काढून त्या जागी पिष्ट घातलेलं असतं. मी दोनच आकडे बघते: १०० ग्रॅममध्ये कॅलरी किती आणि १०० कॅलरींमध्ये प्रथिनं किती.

वर काटेकोर यांनी काढलेल्या ४.५ किलोच्या बोक्यालाच घेऊ. वजन उतरताना स्नायू झिजू नयेत म्हणून लक्ष्य वजनाच्या दर किलोला रोज साधारण ५ ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. म्हणजे २२-२३ ग्रॅम.

नेहमीच्या कोरड्या खाऊत समजा १०० ग्रॅमला ३८० कॅलरी आणि ३२ ग्रॅम प्रथिनं आहेत. १७३ कॅलरींत प्रथिनं मिळतात जेमतेम १४-१५ ग्रॅम. वजन उतरतं, पण स्नायूंचंही उतरतं, आणि जीवनसत्त्वं-खनिजंही त्याच प्रमाणात कमी पडतात. नेहमीचाच खाऊ नुसता कमी करण्यात हा तोटा आहे.

वजन उतरवण्यासाठी बनवलेल्या कोरड्या खाऊत ३४० कॅलरींना ४४ ग्रॅम प्रथिनं असतील तर १७३ कॅलरी म्हणजे ५१ ग्रॅम खाऊ, आणि प्रथिनं २२ ग्रॅम. बरोबर बसलं. ओल्या खाऊत ८५ कॅलरींना १०.५ ग्रॅम असतील तरी २१ मिळतात आणि वाटीत २०० ग्रॅम पडतात. ५१ ग्रॅम आणि २०० ग्रॅम शेजारी ठेवून बघा, भुकेल्या मांजराला कशाने बरं वाटेल ते लगेच दिसतं. माझा कल म्हणूनच ओल्याकडे. सगळं ओलं जमत नसेल तर १०० ग्रॅम ओलं आणि २६ ग्रॅम कोरडं.

ओल्याच्या डब्यावर "प्रथिनं १० टक्के" वाचून दचकू नका. त्यात ७८ टक्के पाणी असतं. पाणी वगळलं तर १० भागिले २२, म्हणजे ४५ टक्के. कोरड्याच्या ३२ टक्क्यांचे तसेच केले तर ३५-३६ येतात.

वाटीचमचा

योजना फसते ती मापात. पाकिटातला प्लास्टिकचा कप किंवा घरातली वाटी विसरा, एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा घ्या. तोच कप एकाने सपाट भरला आणि दुसऱ्याने शीग लावून भरला तर सहज १०-१५ ग्रॅमचा फरक पडतो. ५१ ग्रॅमच्या दिवसात १० ग्रॅम म्हणजे पाचवा हिस्सा.

सकाळी दिवसभराचा खाऊ एकाच डब्यात मोजून ठेवावा. घरातल्या प्रत्येकाने त्यातूनच द्यायचं, बक्षीससुद्धा. डबा रिकामा झाला की दिवस संपला. याने "मी थोडंसंच दिलं" हे चार जणांचं थोडंसं बंद होतं.

हळूहळू

नवीन खाऊ ७ ते १० दिवसांत आणा. पहिले दोन-तीन दिवस पाव भाग नवा, मग निम्मा, मग पाऊण. जुलाब झाले तर एक पायरी मागे. तंतू जास्त असलेल्या खाऊने शी मोठी आणि जास्त वेळा होते, तो आजार नाही.

जन्मभर कोरडं खाल्लेलं मांजर ओल्याला नाक मुरडतं. चव न आवडणं वेगळं आणि तोंडाला तो स्पर्श अनोळखी लागणं वेगळं, आणि बहुधा अडतं ते स्पर्शाशी. एक चमचा ओलं पसरट बशीत थापून वर कोरड्याचे दाणे चुरून टाका. फ्रिजमधलं गार देऊ नका. हाताला कोमट लागेल इतकं गरम केलं की वास सुटतो, आणि मांजर खातं ते वासावर. याला दोन महिने लागले तरी चालेल.

मिशीवाली

घरी शिजवून देणाऱ्यांसाठी. नुसती उकडलेली कोंबडी हा वजन उतरवण्याचा आहार नाही. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं. टॉरिन (मांसातलं, मांजराला लागणारं अमिनो आम्ल) उकळलेल्या पाण्यात उतरतं आणि ते पाणी आपण ओतून देतो. टॉरिन कमी पडलं तर डोळ्याचा पडदा खराब होतो, हृदयाचा स्नायू पातळ होऊन हृदय फुगतं. हृदयाचा हा संबंध १९८७ साली सिद्ध झाला आणि त्यानंतर तयार खाऊत टॉरिन वाढवलं गेलं. शाकाहारी घरगुती जेवणावर तर मांजर अजिबात ठेवू नका. ते टॉरिन पुरेसं बनवू शकत नाही, गाजरातल्या कॅरोटिनपासून अ जीवनसत्त्वही बनवू शकत नाही. घरचंच द्यायचं असेल तर पशुआहारतज्ज्ञाकडून पाककृती लिहून घ्या आणि त्यातला एकही घटक परस्पर बदलू नका. कांदा-लसूण घातलेला रस्सा चुकूनही नको, रक्तपेशी फुटतात.

तीनमांजरं

एकाहून जास्त मांजरं असतील तर भरलेली वाटी दिवसभर ठेवणं बंद करा. वेगळ्या खोल्यांत वाढायचं, २० मिनिटांनी बशा उचलायच्या. किंवा सडपातळ मांजराची बशी जाड्याला उडी पोचणार नाही अशा उंचीवर. मायक्रोचिप ओळखून झाकण उघडणाऱ्या वाट्याही मिळतात.

पहाटेचं ओरडणं: दिवसाच्या वाटणीतला एक भाग रात्री झोपण्याआधी, एक भाग वेळ लावलेल्या यंत्रातून पहाटे. हाक मारल्यावर उठून वाढलं तर मांजर हाक मारायलाच शिकतं.

काळीमनी

@काटेकोर, हिशेब छान मांडलात. पुढचं जोडते.

वजन दर दोन आठवड्यांनी, एकाच काट्यावर, सकाळी खाण्याआधी. तान्ह्या बाळांचा काटा सगळ्यात बरा. मांजराला उचलून माणसांच्या काट्यावर उभं राहिलं तर १०० ग्रॅमची चूक होते आणि ५.८ किलोच्या बोक्याचे आठवड्याला उतरणार असतात ५८ ग्रॅम.

काट्याबरोबर हातही वापरा. स्वतःची मूठ आवळून गाठींवरून बोट फिरवा, बरगड्या तशा लागल्या तर मांजर रोड. हात सपाट पसरून हाताच्याच पाठीकडच्या बाजूवरून बोट फिरवा, तशा लागल्या तर योग्य. तळहात वर करून बोटांच्या मुळाशी फिरवा, हाड दाबल्याशिवाय सापडत नाही, तशा लागल्या तर जाड. पोटाखालची लोंबती कातडी बघून ठरवू नका, ती सडपातळ मांजरालाही असते.

चार आठवडे काटा हलला नाही तर आधी चोरटं खाणं शोधा, मग ५ ते १० टक्के कमी करा. विश्रांतीच्या ऊर्जेच्या ६० टक्क्यांखाली डॉक्टरांशिवाय जाऊ नका.

इन्सुलिन चालू असलेल्या मांजराचा खाऊ डॉक्टरांना न विचारता बदलूच नका. पिष्ट कमी झालं की साखर उतरते, इन्सुलिनचा जुना डोस भारी पडतो आणि मांजर झटके येऊन कोसळू शकतं.

लक्ष्य गाठल्यावर जुन्या मापावर परत जायचं नाही. दर दोन आठवड्यांनी १० टक्के वाढवत न्या आणि काटा जिथे स्थिर राहील ते ग्रॅम डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा.