सल्ला हवा: राखीव जागेवर रशियन खेळाडू घ्यावा का?

सेंटपॉलवासी
नमस्कार. मी मिनेसोटात राहते. मुलामुळे आइस हॉकी पाहू लागले आणि आता त्याच्या संघातील पालकांनी चालवलेल्या फॅन्टसी लीगमध्ये भाग घेते. एनएचएल या उत्तर अमेरिकेतील मुख्य लीगच्या ड्राफ्टमध्ये (संघ दरवर्षी आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) निवड झालेले, पण अजून तिथे खेळू न लागलेले तीन खेळाडू आम्हाला राखीव ठेवता येतात. ते एनएचएलमध्ये उतरले की त्यांच्या गोल, पास वगैरे कामगिरीचे गुण आमच्या खात्यात जमा होतात. यंदा पहिली निवड एका रशियन विंगरची (कडेने खेळणाऱ्या आक्रमकाची) करावी असे माझ्या मनात आहे. रशियातील केएचएल लीगमध्ये त्याचा करार अजून दोन वर्षे शिल्लक आहे. गटातील जुनी मंडळी मात्र एकमुखाने सांगतात की रशियन खेळाडू शक्यतो घेऊ नये. आमच्या मिनेसोटा वाइल्ड संघाचा सर्वांत मोठा खेळाडू किरिल काप्रिझोव हा रशियनच, आणि तो २०१५ मध्ये पाचव्या फेरीत, १३५व्या क्रमांकावर निवडला गेला होता, म्हणून हा सल्ला मला पटत नाही. खऱ्या संघांनाही ही भीती का वाटते आणि मी ती किती मानावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निळी रेषा
ताई, तुमची शंका रास्त आहे. या भीतीत दोन वेगळे प्रश्न एकत्र मिसळलेले असतात: खेळाडू येईल का, आणि आला तर राहील का. दोहोंची मुळे निरनिराळी असल्यामुळे ते सुटे करून पाहावे लागतात.

पहिला प्रश्न सोव्हिएत काळातला आहे. १९८३ मध्ये माँट्रियलने जगातील सर्वोत्तम मानला जाणारा गोलरक्षक व्लादिस्लाव त्रेत्याक याला १३८व्या क्रमांकावर निवडले. त्याला देशाबाहेर जाऊ दिले गेले नाही आणि पुढच्याच वर्षी तो निवृत्त झाला. अलेक्झांडर मोगिल्नी १९८८ मध्ये ८९व्या क्रमांकावर निवडला गेला आणि १९८९ च्या स्टॉकहोममधील विश्वस्पर्धेनंतर मायदेशी न परतता बफेलोला पोहोचला. १९८९ च्याच ड्राफ्टमध्ये डेट्रॉइटने सर्गेई फेदोरोवला ७४व्या, तर व्लादिमीर कॉन्स्टान्टिनोवला २२१व्या क्रमांकावर घेतले. हे दोघे १९९७ मध्ये स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद, जिंकणाऱ्या संघात होते. इतर संघ ज्या खेळाडूंवर निवड वाया घालवायला तयार नव्हते, त्यांच्याच बळावर डेट्रॉइटने संघ उभा केला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर भीती ओसरली. २००४ मध्ये तर पहिल्या दोन्ही क्रमांकांवर ओवेचकिन आणि माल्किन हे रशियन निवडले गेले. परंतु खेळाडूंच्या हस्तांतरासंबंधी इतर युरोपीय देशांप्रमाणे करार करायला रशियाने नकार दिला आणि २००८ मध्ये केएचएल सुरू झाल्यावर दुसरा प्रश्न पुढे आला. त्याच उन्हाळ्यात अलेक्झांडर रादुलोव नॅशव्हिलशी एक वर्षाचा करार शिल्लक असताना रशियातील उफाला निघून गेला. २०१३ मध्ये इल्या कोवालचुकने न्यू जर्सीच्या करारातील सुमारे ७.७ कोटी डॉलर सोडून सेंट पीटर्सबर्गचा रस्ता धरला. ड्राफ्टवर अशा घटनांची सावली पडत राहिली. २०१० मध्ये तारासेन्को १६व्या आणि कुझ्नेत्सोव २६व्या क्रमांकापर्यंत खाली आले. कुझ्नेत्सोव २०१४ पर्यंत चेल्याबिन्स्कमध्येच थांबला हे खरे, पण २०१८ मध्ये वॉशिंग्टनने कप जिंकला तेव्हा प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, सर्वाधिक, म्हणजे ३२ गुण (गोल आणि पास मिळून) त्याचेच होते.

याला अनेक जण रशियन स्वभावाचा दोष मानतात. माझ्या मते ते अन्यायाचे आहे. एनएचएलमध्ये नवोदिताच्या पहिल्या कराराच्या रकमेवर कमाल मर्यादा असते, आणि संघात जागा मिळाली नाही तर त्याला खालच्या लीगमध्ये कमी पगारावर खेळावे लागते. घरच्या लीगमध्ये, आपल्या भाषेत आणि आईवडिलांजवळ राहून अधिक पैसे मिळत असतील, तर वीस वर्षांच्या मुलाने तिथे आणखी दोन वर्षे काढली म्हणून त्याला बेभरवशाचा ठरवता येणार नाही.

तिसरी फेरी
वरील विवेचन उत्तम आहे, तथापि २०२२ नंतरची परिस्थिती त्यात आलेली नाही. युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाला आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळले गेले, त्यामुळे स्काउट मंडळींना (संघांसाठी खेळाडू हेरणाऱ्यांना) या मुलांना समवयस्क स्वीडिश किंवा अमेरिकन मुलांविरुद्ध खेळताना पाहता येईनासे झाले. एनएचएलनेही आपल्या संघांना केएचएलशी व्यवहार थांबवायला सांगितले. गोलरक्षक इवान फेदोतोवने फिलाडेल्फियाशी करार केल्यानंतर जुलै २०२२ मध्ये त्याला सेंट पीटर्सबर्गमध्ये ताब्यात घेण्यात आले आणि सक्तीच्या लष्करी सेवेसाठी सेवेरोमोर्स्कला पाठवण्यात आले. तो फिलाडेल्फियाला पोहोचला मार्च २०२४ मध्ये. असा धोका कोणत्याही कोष्टकात मांडता येत नाही, आणि म्हणून मी संघांच्या सावधगिरीला पूर्वग्रह म्हणणार नाही.

निळी रेषा
फेदोतोवचे उदाहरण मला मान्य आहे आणि त्या प्रसंगाने मलाही फार अस्वस्थ केले होते. पण त्याच फिलाडेल्फियाने २०२३ मध्ये मातवेई मिचकोवला सातव्या क्रमांकावर निवडले. सेंट पीटर्सबर्गच्या एसकेए संघाशी त्याचा करार २०२६ पर्यंत होता, आणि २०२१ च्या अठरा वर्षांखालील विश्वस्पर्धेत १२ गोल करूनही तो इतका खाली आला, त्यामागे हा करार हे एक मोठे कारण होते. एसकेएने त्याला दोन वर्षे आधीच, २०२४ मध्ये मोकळे केले आणि पहिल्या हंगामात त्याने २६ गोलांसह ६३ गुण मिळवले. २०२४ मध्ये पाचव्या क्रमांकावर निवडलेला इवान देमिदोव तर पुढच्या एप्रिलमध्येच माँट्रियलकडून मैदानात उतरला.

सेंटपॉलवासी
दोघांचेही मनापासून आभार. आमच्या लीगमध्ये राखीव खेळाडू चार वर्षांपर्यंत ठेवता येतो. माझ्याकडे एका रशियन गोलरक्षकाचाही पर्याय आहे. तो घ्यावा का?

तिसरी फेरी
चार वर्षांची मुदत असेल तर विंगर घ्यायला माझी हरकत नाही. फक्त त्याचा करार वाढवला जाण्याची बातमी येते का, यावर लक्ष ठेवा. संघ त्याला किती मिनिटे खेळवतो हेही पाहावे, कारण जाणार हे ठरलेल्या मुलाला केएचएलमध्ये कधीकधी बाकावर बसवून ठेवतात. गोलरक्षक मात्र या मुदतीत बसवणे कठीण आहे. शेस्त्योरकिन आणि सोरोकिन हे रशियन गोलरक्षक दोघेही २०१४ मध्ये निवडले गेले, अनुक्रमे ११८व्या आणि ७८व्या क्रमांकावर. पहिला एनएचएलमध्ये प्रथम खेळला तो जानेवारी २०२० मध्ये आणि दुसरा त्यानंतर एक वर्षाने. खऱ्या संघांना थांबता आले. तुमच्या नियमात दोघेही हातचे गेले असते.

निळी रेषा
गोलरक्षकाविषयी मीही हेच म्हणेन. आणि ताई, त्या विंगरवर पहिली निवड खर्च करू नका. तुमच्या गटातील सर्वांनीच रशियन खेळाडू टाळायचे ठरवले असेल, तर तो दुसऱ्या फेरीतही तुम्हाला मिळेल.