यश मिळालं तरी शंका जात नाही

'एकदा यश मिळालं की न्यूनगंड आपोआप जातो' असं म्हणतात, पण ते पटत नाही. पॉलिन क्लॅन्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली ज्या स्त्रियांबद्दल लिहिलं, त्या चांगल्या शिकलेल्या, नाव कमावलेल्या होत्या. तरी 'आपण लायक नाही, एक दिवस पितळ उघडं पडणार' असंच त्यांना वाटायचं.

आमच्या लालबागच्या चाळीत तर यश झाकायचीच रीत. (१९८२च्या संपात गिरणी सुटलेल्या घरांनी चांगल्या दिवसांचा भरवसा धरायचा तरी कसा?) बहिणीला बढती मिळाली तेव्हा पेढे देताना आई शेजारच्या काकूंना म्हणाली, "साहेब चांगले आहेत हो, म्हणून." बहिणीनेही मान डोलावली. हल्ली कुणी कौतुक केलं की ती नुसतं 'थँक्यू' म्हणते. पुढचं 'पण' गिळताना मात्र चेहरा बघण्यासारखा होतो.