हायडेलबर्गचं त्सुम रिटर: १५९२ साल इमारतीचं
जर्मनीतल्या हायडेलबर्गचं त्सुम रिटर हे हॉटेल १५९२ पासून चालू आहे असं कोणी कोणी म्हणतं, ते तेवढं बरोबर नाही. १५९२ हे इमारतीचं साल. शार्ल बेलिए नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने ते स्वतःचं घर म्हणून बांधलं, हॉटेल खूप नंतर झालं. आणि मधला किस्साच खरा भारी आहे, १६९३ मध्ये फ्रेंच सैन्याने अख्खं गाव जाळलं, आजूबाजूला राख आणि हे दगडी घर मात्र उभं राहिलं, मग गावाला टाऊन हॉलच उरला नाही म्हणून १६९५ ते १७०५ कारभार इथूनच चालला.

समोरच्या हायलिगगाइस्ट चर्चच्या बाजूला उभं राहून वर बघा, अगदी टोकाला सेंट जॉर्जचा अर्धपुतळा दिसतो, नाव त्याच्यावरूनच पडलंय, रिटर म्हणजे जर्मनमध्ये नाइट, घोडेस्वार योद्धा. त्याच दर्शनी भिंतीवर लॅटिनमध्ये बायबलमधल्या १२७ व्या स्तोत्राची ओळ कोरलीय, देव घर बांधत नसेल तर बांधणाऱ्यांचे कष्ट फुकट. गाव जळल्यावर उरलेल्या घरावर ही ओळ वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. जेवायला आत जायच्या आधी पाच मिनिटं तरी बाहेर थांबाच.